नाव सोनुबाई, हाती काळा दगड

कॅनडात १९२६ साली एक कंपनी निघाली. तिचे नाव ‘एल्डोराडो गोल्ड माइन्स’. एल्डोराडो म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दंतकथेतली सोन्याची नगरी. तिच्या शोधात शेकडो स्पॅनिश माणसे रानोमाळ भटकली. नगरी कुणाला सापडली नाही. माणसे मात्र बरीच दगावली. हे नाव खाणीच्या कंपनीला देणाऱ्यांना कथेचा शेवट ठाऊक नसावा, किंवा भागधारकांना तो आठवणार नाही असा त्यांचा भरवसा असावा. मॅनिटोबा प्रांतातल्या ज्या सोन्यावर ही कंपनी उभी राहिली, ते सोने तीन-चार वर्षांतच दगा देऊन गेले. आपल्याकडे ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ असे म्हणतात. या सोनुबाईच्या हाती कथीलही राहिले नव्हते. उरली होती ती थोडी रोकड आणि गिल्बर्ट लाबीन नावाचा एक चिवट माणूस.

पुढच्या साठ वर्षांत याच कंपनीने कर्करोगाच्या औषधाचा बाजार हलवला, अणुबॉम्बला कच्चा माल पुरवला, ती सरकारच्या ताब्यात गेली, तिची नावे बदलली आणि अखेर ती दुसऱ्या कंपनीत विरून गेली. आज तिच्या नावाची पाटी नाही. तिची देणी मात्र अजून फेडली जात आहेत. मी आयुष्यभर बँकेत लोकांची देणी-घेणी तपासली, म्हणूनच मला ही हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कंपनी मरते; तिचे देणे मरत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. पण तो उमगायला सगळी वही उलटून पाहावी लागते.

खनिजांचा शोध घेणारी कंपनी हा धंद्यातला एक वेगळाच प्राणी आहे. गिरणीला यंत्रे असतात, दुकानात माल असतो. शोध घेणाऱ्या कंपनीजवळ असतो नकाशावरचा एक चौकोन आणि आशा. आशेवर कुठलीही बँक कर्ज देत नाही. म्हणून अशा कंपन्या शेअर बाजारात जातात आणि हजारो लहान माणसांकडून थोडे थोडे पैसे गोळा करतात. बहुतेकांचे पैसे खड्ड्यात जातात, आणि इथे हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. एखाद्या कंपनीला काही सापडते आणि त्या एकीच्या गोष्टीवर पुढच्या शंभर कंपन्यांचे शेअर विकले जातात.

लाबीन यांची गोष्ट तशीच आहे. कोबाल्ट नावाच्या गावच्या चांदीच्या खाणींत त्यांची उमेदवारी झाली होती. कॅनडाच्या भूगर्भ खात्यातले जेम्स मॅकिंटॉश बेल हे १९०० साली ग्रेट बेअर सरोवराच्या काठाने फिरले होते. तिथल्या खडकांवर कोबाल्टचे गुलाबी डाग दिसल्याची नोंद त्यांनी आपल्या अहवालात करून ठेवली होती. तो अहवाल तीस वर्षे पडून होता. गुलाबी डाग दिसला की जवळपास चांदी असण्याचा संभव असतो, हे लाबीन यांना अनुभवाने माहीत होते. कंपनीची उरलीसुरली रोकड त्यांनी या एका ओळीवर लावली.

ग्रेट बेअर सरोवर उत्तर ध्रुववृत्तावर पसरले आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ दहावा हिस्सा. वर्षाचा बराचसा काळ ते गोठलेले असते. १९३० च्या मे महिन्यात लाबीन आणि त्यांचा सोबती त्या बर्फावरून चालत होते. बर्फावरच्या उन्हाने सोबत्याचे डोळे गेले होते. काही दिवस त्याला दिसतच नव्हते. १६ मे रोजी लाबीन एकटेच काठाने फिरत असताना त्यांना चांदीची शीर दिसली आणि तिच्याजवळ डांबरासारखा काळा, जड दगड. तो होता पिचब्लेंड, युरेनियमचे खनिज. त्या भागातल्या देने आदिवासींची तोंडी परंपरा मात्र वेगळे सांगते. तिच्या मते हा दगड आधी त्यांच्यातल्याच एका माणसाला सापडला आणि गोऱ्यांच्या हाती गेला तो त्याच्याकडून. कंपनीच्या दप्तरात अर्थातच लाबीन यांचे नाव आहे.

पिचब्लेंडचे महत्त्व त्या काळी युरेनियममुळे नव्हते. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये ज्या पिचब्लेंडमधून रेडियम शोधले, ते बोहेमियातल्या जोआकिमस्थाल या गावचे होते. त्याच गावच्या चांदीच्या नाण्याला ‘थालर’ म्हणत आणि त्या थालरचाच पुढे ‘डॉलर’ झाला. पैसा आणि अणू यांचे नाते असे एका खाणीपासूनचे आहे! रेडियम कर्करोगावर वापरीत, घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणूनही वापरीत. तीन टन युरेनियममागे निसर्ग जेमतेम एक ग्रॅम रेडियम देतो. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून मारी क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, तेव्हा त्याची किंमत एक लाख डॉलर होती. पुढे बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीचा समृद्ध माल आला आणि जगाचा बाजार बेल्जियमच्या मुठीत गेला.

ती मूठ एल्डोराडोने सैल केली. सरोवराकाठी पोर्ट रेडियम ही वसाहत उभी राहिली. हजारो किलोमीटर दूर, ओंटारिओ सरोवराच्या काठी पोर्ट होप या टुमदार गावात कंपनीने शुद्धीकरणाचा कारखाना काढला आणि १९३३ पासून तिथे रेडियम तयार होऊ लागले. भाव घसरले. त्याच मंदीच्या काळात रुग्णालयांना रेडियम स्वस्त मिळू लागले, ही या कंपनीच्या जमेची बाजू. ती प्रामाणिकपणे लिहिलीच पाहिजे. दशक संपता संपता कॅनडा आणि बेल्जियम यांच्या कंपन्यांनी बाजार आपसांत वाटून घेतला, हेही लिहिले पाहिजे. स्पर्धा ही व्यापाऱ्यांना व्यासपीठावर आवडते. व्यवहारात त्यांना समझोता अधिक मानवतो.

आता या धंद्यातले युरेनियम कुठे गेले? काच आणि चिनी मातीला पिवळा-नारिंगी रंग देण्यापलीकडे त्याला गिऱ्हाईक नव्हते. रेडियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा हा कचरा होता. तो पोर्ट होपमध्ये कारखान्याच्या आसपास, ओढ्यात, खाडग्यात टाकला जाई. खाणीवरचा गाळ सरोवरात जाई.

आणि खाणीपासून आगगाडीपर्यंत माल कसा जात असे? पोत्यांतून. सुमारे ४५ किलोचे एक पोते. नदीमार्गात जिथे धबधबे आणि खडकाळ पाणी आडवे येई, तिथे पोती बोटीतून उतरवून पुढच्या बोटीत चढवावी लागत. हे काम देने पुरुष करीत. पोत्यांतून बारीक काळी पूड गळे. ती कपड्यांवर बसे, बोटीच्या तळाशी साचे आणि त्याच बोटींत माणसे झोपत, जेवत. रेडियमयुक्त धूळ आणि खाणीतला वायू शरीराला घातक आहेत, असे इशारे कॅनडाच्या खाण खात्याच्या अहवालांत १९३० च्या दशकातच आले होते. ते इशारे इंग्रजीत होते आणि कचेऱ्यांत होते. पोती उचलणाऱ्यांच्या भाषेत ते कुणी सांगितले नाहीत, अशी देने वृद्धांची पुढे कायमची तक्रार राहिली.

१९४० मध्ये युरोप युद्धात बुडाला, गिऱ्हाईक तुटले आणि खाण बंद पडली. इथेच हिशेब संपायचा. पण बर्लिनमध्ये डिसेंबर १९३८ च्या प्रयोगांनी युरेनियमचा अणू फुटतो हे दाखवून दिले होते. कालचा कचरा एका रात्रीत जगातला सर्वांत मोलाचा माल झाला. अमेरिकेचा गुप्त अणुप्रकल्प सुरू झाला, एल्डोराडोकडे मोठमोठ्या मागण्या आल्या आणि १९४२ मध्ये खाण पुन्हा उघडली. त्या प्रकल्पाला लागलेल्या युरेनियमचा बहुतांश भाग काँगोतून आला, हे खरे. पण कॅनडाचा वाटाही मोठा होता, आणि काँगोच्या मालाचे शुद्धीकरणही पोर्ट होपला होत असे. सगळा माल एकत्र मिसळला गेला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये कुठल्या खाणीचा किती अंश होता, हे कोणत्याही चिमट्याने वेगळे काढता यायचे नाही.

या टप्प्यावर बँकवाल्याचे कान टवकारतात. कॅनडाचे दारूगोळा मंत्री सी. डी. हाऊ यांनी कंपनीचे शेअर गुपचूप विकत घ्यायला सुरुवात केली. खुद्द लाबीन यांचे शेअरही सरकारकडे गेले. जानेवारी १९४४ मध्ये सरकारने उरलेले शेअरही कायद्याने ताब्यात घेतले. भाव ठरला शेअरमागे १ डॉलर ३५ सेंट. ज्या भागधारकांनी बारा-चौदा वर्षे सोन्याच्या, चांदीच्या आणि रेडियमच्या आशेवर कागद जपून ठेवले होते, त्यांना आपल्या कंपनीजवळ नेमके काय आहे हे सांगितलेच गेले नाही. सांगता येण्याजोगेही नव्हते. युद्धातले गुपित होते. पण विकणाऱ्याला मालाची किंमत ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला ती पुरेपूर ठाऊक आहे, अशा व्यवहाराला एरवी आपण काय म्हणतो? १९४५ च्या ऑगस्टमध्ये जगाला उत्तर कळले, तेव्हा भागधारकांच्या हाती चेक पडून बरेच दिवस झाले होते.

युद्धानंतर कंपनी सरकारी मालकीची राहिली. तिच्या नावातले ‘गोल्ड’ आधीच गळून पडले होते. या काळातली तिची एक नोंद सोन्याच्या शाईने लिहावी अशी आहे. कर्करोगावर किरण सोडणारी कोबाल्ट-६० ची यंत्रे जगात प्रथम कॅनडात वापरात आली. त्यातल्या पहिल्या यंत्रांपैकी एक याच कंपनीच्या विभागाने बनवले आणि १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ओंटारिओतल्या लंडन या शहरात ते रुग्णावर प्रथम वापरले गेले. पुढे कॅनडात बनलेली अशी यंत्रे भारतातल्या रुग्णालयांतही वर्षानुवर्षे चालली. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी एखाद्या माणसाला ‘कोबाल्ट दिले’ असेल, तर त्या यंत्राच्या वंशवेलीत हे नाव असण्याचा संभव आहे. कोबाल्टच्या गुलाबी डागाने जी खाण सापडली, तिची कंपनी कोबाल्टनेच रुग्णांच्या उपयोगी पडली. कादंबरीत असा योगायोग लिहिला तर संपादक तो खोडून टाकतील.

पोर्ट रेडियमची युरेनियमची खाण १९६० मध्ये संपली. कंपनी ‘एल्डोराडो न्यूक्लिअर’ झाली. १९८८ मध्ये ती सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारी खाण कंपनीत विलीन होऊन ‘कॅमेको’ जन्माला आली, आणि १९९१ पासून कॅमेकोचे शेअर लोकांना विकले गेले. आज ती जगातल्या मोठ्या युरेनियम कंपन्यांत गणली जाते. विलीनीकरणाच्या वेळी चालता धंदा नव्या कंपनीत गेला. जुन्या खाणीच्या निस्तरण्याचे आणि निवृत्तांच्या लाभांचे देणे सरकारने ‘कॅनडा एल्डोर’ नावाच्या एका वेगळ्या कंपनीत ठेवले. पोर्ट होपच्या जुन्या कचऱ्याची जबाबदारीही केंद्र सरकारकडेच राहिली. आमच्या जुन्या भाषेत सांगायचे तर चांगली खाती नव्या वहीत आणि बुडीत खाती सरकारी तिजोरीत! यात बेकायदेशीर काही नव्हते. उलट देणे कुणाचे हे कागदावर तरी राहिले, हे कॅनडाच्या सरकारच्या बाजूने म्हणावे लागेल. अनेक देशांत तेवढेही राहत नाही.

ते देणे केवढे आहे? पोर्ट होपमध्ये १९७५ साली एका शाळेत घातक रेडॉन वायू आढळला. कारखान्याची टाकाऊ माती आणि मोडतोड भरावासाठी, बांधकामासाठी लोकांनी नेली होती. स्वस्त भराव कोण सोडतो? शोध घेतला तेव्हा गावातली कितीतरी घरे, अंगणे आणि रस्ते त्या मातीवर उभे असल्याचे दिसले. त्या वेळी सुमारे एक लाख टन माती हलवली. ती पुरली नाही. २०१२ मध्ये सरकारने पोर्ट होप आणि शेजारच्या पोर्ट ग्रँबीच्या सफाईसाठी १२८ कोटी डॉलर मंजूर केले. काढायची माती होती सुमारे १७ लाख घनमीटर. आणि या योजनेत एक कलम आहे, जे वाचून कुणाही बँक अधिकाऱ्याने थबकावे. सफाईमुळे घर विकताना भाव पडला, भाडेकरू मिळेना किंवा घरावरच्या कर्जाचे नूतनीकरण करताना अडचण आली, तर भरपाईची सोय आहे. म्हणजे अणूचा कचरा अखेर गहाणखतापर्यंत येऊन पोचला. रेडियमची किंमत ग्रॅममध्ये वसूल झाली. त्याचे देणे मात्र घनमीटरमध्ये द्यावे लागत आहे.

देन्यांचा हिशेब याहून अवघड आहे. त्यांच्या देलिने गावात पोती वाहणारे पुरुष एकामागून एक कर्करोगाने गेले, असे गावकरी सांगत आले. लोक त्याला विधवांचे गाव म्हणू लागले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये देन्यांचे एक शिष्टमंडळ हिरोशिमाला गेले आणि आपल्या भूमीतल्या दगडाने झालेल्या संहाराबद्दल त्यांनी तिथल्या लोकांची क्षमा मागितली. लक्षात घ्या, त्या दगडाचे काय होणार हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. शेअर त्यांच्याजवळ नव्हते. लाभांश त्यांना मिळाला नव्हता. तरीही क्षमा त्यांनी मागितली.

यानंतर सरकार आणि देने यांनी मिळून चौकशी केली. २००५ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की अमुक माणसाचा मृत्यू याच धुळीने झाला असे निश्चित म्हणता येत नाही, आणि पोती वाहणाऱ्यांत अपेक्षेहून वाढलेल्या मृत्यूंचा अंदाज एक-दोनच्या घरातला आहे. अनेक देने कुटुंबांना हे पटले नाही. आपण शास्त्राचे म्हणणे टाळू नये. तसेच दुसरी एक गोष्टही टाळू नये: कंपनीच्या सतरा हजारांहून अधिक कामगारांच्या नोंदींचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा रेडॉनचा संसर्ग जितका जास्त, तितके फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त, हे स्पष्ट दिसले. फरक असा की कामगारांची हजेरी लिहिलेली होती. पोती वाहणाऱ्यांच्या नोंदी मोजक्याच होत्या. ज्याची नोंद नाही, त्याचे नुकसान सिद्ध होत नाही. हा नियम बँकेतही आहे, कोर्टातही आहे आणि आता शास्त्रातही आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. मुंबईच्या तुर्भ्याला १९६० साली सुरू झालेली ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली. तिच्यातल्या प्लुटोनियमवर १९७४ ची पोखरणची चाचणी झाली आणि कॅनडाने आपल्याशी अणुसहकार्य तोडले. चार दशकांनी, २०१५ च्या एप्रिलमध्ये भारताने युरेनियमचा करार केला तो याच एल्डोराडोच्या वारसदार कॅमेकोशी. २०२० पर्यंत ७१ लाख पौंड माल घेण्याचा तो करार होता. म्हणजे आपण या घराण्याचे गिऱ्हाईक आहोत. आणि झारखंडातल्या जादुगुडा परिसरात आपली स्वतःची खाण आहे. तिथेही खाण, गाळाचे तलाव आणि भोवती आदिवासींची गावे, असा संसार १९६७ पासून आपली सरकारी कंपनी चालवत आहे. आपल्याला वीज हवी आहे. कोळशाचा धूर नको आहे. अणुवीज त्यावरचा एक उपाय आहे, आणि तो वापरू नये असे मी म्हणत नाही.

मी म्हणतो ते एवढेच. बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन प्रश्न विचारीत असू. पैसे कशासाठी? फेड कशातून? आणि फेड झाली नाही तर तारण काय? खाणीसाठी एक चौथा प्रश्न हवा. धंदा संपल्यावर जागा कोण झाडणार, आणि त्याचे पैसे आज कुठे ठेवले आहेत? आपल्या कायद्याने २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी मागायला सुरुवात केली. प्रश्न निदान विचारला गेला. पण हमीची रक्कम कामाच्या मानाने किती, हे तपासणारा अधिकारी हवा.

गिल्बर्ट लाबीन यांनीच पुढे काढलेल्या गनर या युरेनियमच्या खाणीचे उदाहरण बोलके आहे. ती १९६० च्या दशकात बंद झाली आणि तशीच टाकून दिली गेली. २००६ मध्ये सफाईचा अंदाज सुमारे अडीच कोटी डॉलर होता. पुढे तो दहापटीहून अधिक वाढला आणि प्रांत व केंद्र सरकार एकमेकांकडे बोट दाखवत कोर्टात गेले. खाण चालली नऊ-दहा वर्षे. निस्तरणे मात्र त्याच्या कितीतरी पट लांबले.

कर्जाची मुदत आपण पाच वर्षे, पंधरा वर्षे, फार तर तीस वर्षे धरतो. रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. अजिंठ्याच्या लेण्यांत वाकाटकांच्या काळी चित्रे रंगवली जात होती, तेव्हा कुणी रेडियम पुरून ठेवले असते, तर ते आज कुठे निम्म्यावर आले असते. इतक्या लांब मुदतीचे देणे फेडायला जगातली कुठलीही कंपनी पुरी पडणार नाही. कंपन्यांचे आयुष्य माणसाहूनही थोडे असते. म्हणून खाणीचा परवाना देणाऱ्याने, शेअर विकणाऱ्याने आणि वीज वापरणाऱ्या तुम्ही-आम्हीसुद्धा या देण्याची रक्कम नफा वाटण्याआधी बाजूला काढून ठेवली पाहिजे. नाहीतर ती रक्कम वसूल होतेच. फक्त ती अशा माणसांकडून होते, ज्यांच्या सह्या कर्जाच्या कागदावर कधीच नव्हत्या.